गावातला खून आणि मुंबईतला शेजारी

श्रोतेहो, नमस्कार. मुंबई दूरदर्शनवर हरवलेल्या माणसांचं ‘आपण यांना पाहिलंत का?’ लागायचं, आठवतंय? रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात पांढरा सदरा. त्या वर्णनात निम्मी मुंबई बसायची! तरीही टीव्ही बघून कुणीतरी फोन करतं आणि खुनाची धूळ खात पडलेली फाईल हलते. हे होतं कसं?

अमेरिकेतलं जॉन लिस्ट प्रकरण घ्या. हा पेशाने हिशेबनीस. 1971 च्या नोव्हेंबरात न्यू जर्सीतल्या वेस्टफिल्डमध्ये त्याने आई, बायको आणि तीन मुलांना गोळ्या घातल्या आणि निघून गेला. प्रेतं सापडायला जवळजवळ महिना लागला. खून कुणी केला ते उघडच होतं, पत्र त्यानेच लिहून ठेवलं होतं. माणूस मात्र साडेसतरा वर्षं गायब. 1989 च्या मे महिन्यात ‘अमेरिकाज मोस्ट वाँटेड’ने हे प्रकरण दाखवलं. इतका जुना फोटो दाखवून काय उपयोग? म्हणून शिल्पकार फ्रँक बेंडर यांनी म्हातारा लिस्ट मातीत घडवला. केस मागे हटलेले, गाल उतरलेले आणि डोळ्यांवर जाड फ्रेमचा चष्मा. हा माणूस प्रतिष्ठित दिसायला असाच चष्मा निवडेल, असं बेंडर यांनी ताडलं होतं. पूर्वी डेन्व्हरमध्ये शेजारी राहणाऱ्या बाईंनी तो चेहरा बरोबर ओळखला. त्या त्याला रॉबर्ट क्लार्क म्हणून ओळखायच्या. 1 जूनला व्हर्जिनियात अटक झाली. पुढे कित्येक महिने गृहस्थ ‘मी क्लार्कच’ म्हणत राहिले, पण बोटांच्या ठशांपुढे काय चालणार?

आपल्याकडे गावात खून झाला की पोलीस पाटील, भावकी, वैर, बांधाचा तंटा असं सगळं चाळून होतं. संशयित तोवर मुंबईत कुठल्या तरी बांधकामावर, दुसऱ्या नावाने. पण नाव बदललं तरी वागणं बदलत नाही. गणपतीला नाही, शिमग्यालाही नाही, गावाकडे कधीच न फिरकणारा कोकणी माणूस चाळीच्या नजरेत भरतोच. टीव्हीवर फोटो दिसला की शेजाऱ्याला आधी हे आठवतं, नाक-डोळे नंतर.

पण जपून. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने भटक्या जमातीच्या पाच माणसांना ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. ते पाचही जण निर्दोष होते. संशय पोलिसांऐवजी गर्दीच्या कानावर गेला, की असं होतं. म्हणून फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका.

‘माझं नाव बाहेर येईल’ ही भीती बरेच जण बोलून दाखवतात. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 131 सांगतं, की गुन्ह्याची खबर कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही. ‘गुप्त बातमीदारामार्फत’ हे शब्द तुम्ही पेपरात वाचताच.

खबर हा पुरावा नव्हे, हेही ध्यानात घ्या. ठसे, डीएनए, साक्षीदार हे सगळं पुढे पोलिसांनी उभं करायचं. आणि खून डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीदाराने आरोपीचा फोटो आधीच टीव्हीवर पाहिला, तर ओळख परेडच, म्हणजे रांगेतल्या माणसांतून आरोपी ओळखायची चाचणीच, लुळी पडते. आरोपीला बुरखा घालून नेतात तो त्यासाठीच.

तेव्हा 112 फिरवा. माणूस कुठे राहतो, कामावरून कधी परततो, सध्या कुठलं नाव लावतो, एवढं सांगा. त्याच्या दारावर थाप मारायला तुम्ही जाऊ नका. नमस्कार.