तासांची वही: सिस्टिक फायब्रोसिस असताना मूल होऊ द्यायचं का?

नमस्कार. मागपर्यंत आवाज येतोय ना? मला मध्ये मध्ये खोकला येणार आहे, पण तो तुमच्यापैकी कुणाला लागणारा नाही, त्यामुळे पहिल्या रांगेतल्या काकूंनी पदर नाकावरून खाली घेतला तरी चालेल. (हशा) हां, आता बरं वाटलं.

विषय मीच दिलाय. सिस्टिक फायब्रोसिस, आम्ही सीएफ म्हणतो, तो असलेल्या माणसानं मूल होऊ द्यायचं की नाही हे ठरवायचं कसं. यावर माझ्याकडं एक वही आहे, ती मी शेवटी दाखवणार. मी चादरीच्या होलसेल दुकानात हिशेब लिहितो, दिवसभर खतावणी, जीएसटी, उधारी, त्यामुळे कुठलीही अडचण आली की माझा हात आधी वहीकडंच जातो.

आजार थोडक्यात सांगतो. सातव्या क्रोमोसोमवर सीएफटीआर नावाचा जीन आहे, १९८९ साली सापडला. तो पेशीतून मिठाची ये-जा सांभाळतो. तो बिघडला की फुप्फुसात, स्वादुपिंडात, जिथं जिथं पातळ स्राव पाहिजे तिथं चिकट गोंद तयार होतो. आणि घामातून मीठ भसाभस बाहेर पडतं. माझी आई सांगते, मी दोन-तीन वर्षांचा असताना एप्रिलमध्ये माझा काळा सदरा वाळला की पाठीवर पांढरा नकाशा उमटायचा. पापा घेतला की खारट लागायचं. आईनं हे सगळ्या डॉक्टरांना सांगितलं, कुणी लिहून घेतलं नाही.

आता बघा, १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला उष्णतेची लाट आली होती, उन्हानं गळून गेलेली जी लहान मुलं दवाखान्यात आली त्यात सीएफची मुलं फार निघाली. त्यावरून शोध घेत १९५३ मध्ये पॉल डी सँटअॅग्नीज यांनी दाखवलं की या मुलांच्या घामातच मीठ जास्त असतं. म्हणजे उन्हाळ्यानं हा आजार पकडून दिला. आणि आपल्या सोलापूरसारखा उन्हाळा कुणाकडं आहे? ४३, ४४ डिग्री. इथल्या आयांनी हे मीठ किती वर्षं जिभेवर चाखलं असेल, पण विचारणारं कुणी नव्हतं. मला दोनदा टीबीची औषधं दिली, एकदा सहाव्या वर्षी, एकदा नवव्या. आपल्याकडं खूप सीएफवाल्यांचं हेच होतं, खोकला, वजन नाही, झालं, टीबी. अकराव्या वर्षी घामाची टेस्ट झाली, घामातलं क्लोराइड, म्हणजे मिठातलाच एक भाग, ६० च्या वर गेलं की सीएफ, माझं ९६ आलं. आमची एक आत्या तरीही अजून सांगते, मीठ कमी खा रे, बीपी होईल. मला डॉक्टरांनी मीठ वाढवून खायला सांगितलंय, तेलतूप वाढवून सांगितलंय, म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे माझं औषधातच मोडतं, फक्त त्याबरोबर पचनासाठी एन्झाइमच्या चार कॅप्सूल घ्यायच्या. चटणी दुसऱ्यांदा घेतली तर पाचवी.

आता जे सांगतो ते मला सगळ्यात जास्त लागलेलं आहे, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

लग्न ठरायच्या वेळी मी हिला सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसून सगळं सांगितलं होतं. आजाराचं नाव, रोजचे नेब्युलायझर, म्हणजे मशीननं औषधाचं धुकं करून छातीत ओढायचं, वर्षातून एकदा-दोनदा १४ दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक, आणि आयुष्य किती ते सांगता येत नाही, हेही. ती एवढंच म्हणाली, "अहो, सांगितलंत ते बरं केलंत." लग्न झालं. पण मला जे माहीत नव्हतं ते मी कसं सांगणार? सीएफ असलेल्या १०० पुरुषांमधल्या ९७-९८ जणांना नैसर्गिकरीत्या मूल होत नाही, हे मला वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत एकाही माणसानं सांगितलं नव्हतं. मी लहान मुलांच्या डॉक्टरांकडं वाढलो, ते देवमाणूस, पण त्यांच्यासमोर मी कायम आठ वर्षांचाच राहिलो. आणि दुसऱ्या सीएफवाल्याकडून कळावं तर आम्हाला एकमेकांच्या जवळ बसताच येत नाही. आमच्या फुप्फुसातले जंतू तुम्हाला काही करत नाहीत पण आम्हाला एकमेकांकडून लागतात, म्हणून दोन सीएफवाल्यांनी सहा फूट लांब राहायचं असतं. बाकीच्या आजारांचे लोक जमतात, मेळावे करतात, जुने लोक नव्यांना सांगतात. आमच्यात थोरल्यानं धाकट्याला शेजारी बसवून सांगायची सोयच नाही.

तर लग्नाला दोन वर्षं झाली आणि सुरू झालं. हळदीकुंकवाला गेली की ओटी भरताना बायका एकमेकींकडं बघायच्या. "काय गं, अजून काय नाही व्हय?" कुणी उपास सांगितले, कुणी नवस. मग आम्ही एका दवाखान्यात गेलो, नाव घेत नाही. तिथं आठ महिने हिच्या तपासण्या चालल्या. रक्त, सोनोग्राफी, परत रक्त, मग ती नळ्यांमध्ये डाय सोडून एक्सरे काढायची टेस्ट, त्या दिवशी ही रिक्षात पोट धरून बसली होती, सात रस्ता येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. आणि माझी फाइल त्याच टेबलावर होती. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, सिस्टिक फायब्रोसिस. ती ओळ वाचली असती तर पहिली टेस्ट माझी व्हायला पाहिजे होती, स्वस्तातली टेस्ट, डबी भरून द्यायची, संपलं. आठ महिने ती फाइल कुणी उघडली नाही. मला याचा राग आहे, अजून आहे, आणि तो माझ्या दम्यासारखा मधून मधून उठतो. कारण त्या आठ महिन्यांत एका निरोगी बाईला स्वतःच्या अंगात काहीतरी कमी आहे असं वाटायला लागलं होतं.

शेवटी हीच म्हणाली, "अहो, तुमची पण करू या की." केली. शुक्राणू शून्य. मग पुण्यात ज्या डॉक्टरांनी समजावलं त्यांनी मी सोलापूरचा म्हटल्यावर सांगितलं, तुमची मिल चालू आहे, माल रोज तयार होतोय, पण माल बाहेर न्यायचा रस्ताच बांधलेला नाही. शुक्रवाहिन्या जन्मतःच तयार झालेल्या नसतात. पुरुषपणाचा याच्याशी काही संबंध नाही. त्या रात्री घरी येऊन मी आईला, मोठ्या वहिनीला, सगळ्यांना बसवून सांगितलं, की दोष म्हणायचाच तर माझ्या अंगात आहे, आणि उद्यापासून हिला कुणी एक शब्द विचारायचा नाही. आई रडली. पण दुसऱ्या दिवशी तिनं हिच्यासाठी धपाटे केले आणि स्वतः तिच्या ताटात वाढले, तेवढ्यात आम्हाला काय ते समजलं.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिली. मुख्य विषय अजून सुरूच व्हायचाय. भराभर सांगतो.

पहिलं, होऊ शकतं का. होऊ शकतं. अंडकोशातून सुईनं शुक्राणू काढतात आणि एकेक शुक्राणू स्त्रीबीजात टोचतात, इक्सी म्हणतात, १९९२ पासून त्यानं मुलं जन्माला येतायत. खर्च लाखांत, आणि सगळी इंजेक्शनं परत बायकोलाच.

दुसरं, बाळाला आजार होईल का. या जीनच्या प्रत्येकाकडं दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. माझ्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, त्यामुळे प्रत्येक मुलाला माझ्याकडून एक बिघडलेली जाणारच. एकच बिघडलेली असेल तर आजार होत नाही, त्या माणसाला वाहक म्हणतात. बायको वाहक नसेल तर मुलं नुसती वाहक होणार, आजारी नाही. ती वाहक असेल तर दर खेपेला ५० टक्के. दोघंही धडधाकट पण वाहक, जसे माझे आई-अण्णा, तर २५ टक्के. आणि एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम सांगतो, इथं मामाची मुलगी करायची रीत आहे. मी माझ्या मामाची मुलगी केली असती तर ती वाहक असायची शक्यता चारात एक, म्हणजे मुलाला धोका आठात एक. बाहेरच्या मुलीपेक्षा कितीतरी पट जास्त. रीतीला मी नावं ठेवत नाही, पण घरात सीएफ असेल तर आधी टेस्ट करा. टेस्ट करताना पूर्ण जीन वाचणारी करा, कारण साध्या टेस्टमध्ये युरोपातल्या लोकांचीच म्युटेशन जास्त असतात, आणि त्यांच्याकडं जे सगळ्यात जास्त सापडतं, एफ ५०८ डेल, ते आपल्याकडं त्यामानानं कमी आहे. हिची टेस्ट निगेटिव्ह आली. धोका शून्य होत नाही, पण फार कमी होतो.

बायकांना सीएफ असेल तर गणित वेगळं, त्यांना दिवस राहू शकतात, पण फुप्फुसाची ताकद किती, वजन किती, शुगर आहे का, हे आधी बघावं लागतं, कारण नऊ महिने ते फुप्फुस दोघांसाठी चालवायचं असतं. आणि २०१९ मध्ये अमेरिकेत जी तीन औषधांची एकत्र गोळी मंजूर झाली तिच्यानं तिकडं अनेक बायकांना न ठरवता दिवस गेले, कारण चिकटपणाच कमी झाला. ती गोळी आली तेव्हा तिथं वर्षाला ३ लाख डॉलरच्या आसपास होती, आपण इथं त्यावर बोलून उपयोग नाही.

आणि सगळे म्हणतात तसं "दत्तक घ्या ना"! सोपं वाटतं. आपल्या दत्तकाच्या नियमांत लिहिलंय की घेणाऱ्याला जीवघेणा आजार नसावा. मुलाच्या बाजूनं बघितलं तर मला तो नियम चुकीचा म्हणवत नाही, पण मग तो सल्ला आम्हाला लग्नाच्या पंगतीत देऊ नका.

तर हे टक्के झाले. टक्के डॉक्टर सांगतात. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्यासाठीच मी आलो, की निर्णय टक्क्यांवर होत नाही, तासांवर होतो. मूल होईल का, आजारी होईल का, एवढंच सगळे विचारतात. ते रात्री दोन वाजता रडलं आणि मला त्याच वेळी खोकल्याची उबळ आली तर कोण कुणाकडं जाणार, हे कुणी विचारत नाही. म्हणून आम्ही एक महिना, साधासुधा महिना, दवाखान्यात ॲडमिट नसलेला, दोघांनी वेगवेगळ्या वह्यांत तास लिहिले. एकमेकांचं बघायचं नाही. माझ्या वहीत: सकाळी साडेपाचला नेब्युलायझर, मग मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझर, मग पाठीवर थापट्या, कफ काढणं, संध्याकाळी परत. रोजचे २ तास ४० मिनिटं. मला वाटलं होतं आजाराला लागणारा वेळ एवढाच.

तिच्या वहीत ३ तास ३५ मिनिटं होते.

थापट्या तीच मारते, ते मला माहीत होतं. पण नेब्युलायझरचे कप उकळणं, आणि आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड येतंय, त्यामुळे त्या पाण्याचं वेगळं पातेलं राखून ठेवणं, माझ्या डब्यात कॅप्सूल मोजून घालणं, लाईट गेली तर शेजारच्यांच्या इन्व्हर्टरवर मशीन नेऊन लावणं, मेडिकलवाल्याला फोन. ती युनिफॉर्मच्या कारखान्यात चेकिंगला आहे, दिवसभर पहिली-दुसरीच्या पोरांचे शर्ट तिच्या हातातून जातात, दोरे कापायचे, बटणं मोजायची. तिथून आल्यावर हे साडेतीन तास. दोन्ही वह्या मिळवल्या तर आमच्या घरात माझा आजार रोज सव्वासहा तास खातो आणि त्यातला मोठा वाटा आजार नसलेल्या माणसाचा आहे.

मग आम्ही घरच्यांना विचारलं, नुसतं "आम्ही आहोत की" नको, तास सांगा. आईनं दुपारचे तीन सांगितले, पण तिचे गुडघे गेलेत. वहिनीनं खरं सांगितलं, रविवार सोडून जमणार नाही. तिच्या खरेपणाचे मी आभार मानतो. बेरीज केली आणि आम्ही नको ठरवलं. वाईट वाटतं का? वाटतं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतून लोक पोरांना खांद्यावर घेऊन येतात तेव्हा मी खिडकीत उभा असतो, धुळीमुळं मला जाता येत नाही, पण बघतो.

दुसऱ्या एका जोडप्याला हीच पद्धत सांगितली होती, सीएफ त्यातल्या बाईला आहे, त्यांचे तास जमले, सासूबाई घरात, नवऱ्याची नोकरी घरून, त्यांनी हो ठरवलं. मला त्यांचंही बरोबर वाटतं. त्यांना स्वार्थी म्हणणारे लोक मला भेटलेत, आणि आम्हाला भित्रे म्हणणारे तेच लोक आहेत. त्यांतल्या एकानंही वही लिहिलेली नाही.

झालं, दोनच मिनिटं. ही तिची वही, तिला विचारून आणलीय. शेवटचं पान वाचतो. तीस तारीख. "कप उकळले, २० मि. थापट्या, सकाळ-संध्याकाळ, ४० मि. मेडिकल, ३० मि." आणि खाली, "रात्री २.१० ते ३.३०, जागी. आज खोकला नव्हता. तरी जागी."

ही ओळ मी तीस दिवस तिच्या शेजारी झोपून पाहिली नव्हती. वही टेबलावर ठेवतोय. प्रश्न घेऊ या.