गार्लिन कॉनर यांची नोंद

[दृश्य : केंटकीच्या टेकड्या, तंबाखूची शेते, सकाळचे धुके]

अमेरिकेच्या केंटकी राज्यात, टेनेसीच्या हद्दीला लागून, क्लिंटन काउंटी नावाचा ग्रामीण भाग आहे आणि अल्बनी हे तिथले मुख्य गाव आहे. दुसऱ्या महायुद्धातून परत आल्यावर गार्लिन मर्ल कॉनर यांनी आपले उरलेले सारे आयुष्य याच मातीत घालवले. सुमारे 36 एकरांच्या शेतात ते तंबाखू पिकवत. सुरुवातीच्या काळात घरात वीज नव्हती आणि नांगराला खेचरे जुंपली जात. काउंटीच्या शेतकरी संघटनेचे ते 17 वर्षे अध्यक्ष होते. युद्धाविषयी मात्र ते बोलत नसत. पत्नी पॉलिन यांच्यापाशीही त्यांनी तो विषय फारसा काढला नाही. चार सिल्व्हर स्टार, ब्रॉंझ स्टार, जखमी सैनिकांना मिळणारे पर्पल हार्ट आणि अमेरिकी लष्करातील दुसऱ्या क्रमांकाचा शौर्यसन्मान असलेला डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस, एवढे सगळे मिळवलेल्या या माणसाने ती पदके आणि त्यांचे कागद एका सैनिकी थैलीत भरून ठेवले होते.

1996 साली त्या घरी एक पाहुणे आले. रिचर्ड चिल्टन हे अमेरिकी लष्कराच्या विशेष दलातून निवृत्त झालेले सैनिक. त्यांचे मामा 1944 मध्ये इटलीतील अँझिओ येथे कॉनर यांच्याच तुकडीत लढताना मारले गेले होते. मामांच्या अखेरच्या दिवसांबद्दल काही कळावे, एवढ्याच अपेक्षेने चिल्टन आले होते. कॉनर यांना तेव्हा कंपवाताच्या आजाराने इतके ग्रासले होते की त्यांना नीट बोलताही येत नव्हते. बोलणे जमत नाही म्हणून कागद पाहायला मिळाले, आणि ते वाचता वाचता चिल्टन यांना प्रश्न पडला की एवढे करून या माणसाला मेडल ऑफ ऑनर, म्हणजे त्या देशातील सर्वोच्च शौर्यपदक, का मिळाले नाही? हा प्रश्न घेऊन ते परत गेले आणि पुढची 22 वर्षे त्याचे उत्तर शोधण्यात गेली.

[दृश्य : नकाशा. फ्रान्सचा पूर्व भाग, कोल्मार, हूसेन]

प्रश्न ज्या दिवसाविषयी होता तो दिवस 24 जानेवारी 1945 हा होता. फ्रान्सच्या पूर्वेला, कोल्मार शहराजवळ हूसेन नावाचे गाव आहे. तिथे अमेरिकेच्या तिसऱ्या पायदळ डिव्हिजनमधील सातव्या रेजिमेंटची एक बटालियन बर्फात पाय रोवून उभी होती. लेफ्टनंट कॉनर यांना त्याआधी जखम झाली होती आणि ती पुरती भरलेली नसतानाच ते रुग्णालयातून आपल्या माणसांत परतले होते. सहा जड रणगाडे आणि सुमारे 600 जर्मन सैनिक चालून येत होते. शत्रूवर आपल्या तोफांचा मारा अचूक पडायचा असेल, तर पुढे राहून गोळे कुठे पडत आहेत ते पाहणारा आणि टेलिफोनवरून सांगणारा कोणीतरी हवा होता. कॉनर स्वतःहून पुढे झाले. फुटणाऱ्या तोफगोळ्यांमधून, टेलिफोनच्या तारेचे रीळ उलगडत, ते 400 यार्ड धावत गेले, आपल्या आघाडीच्या रेषेच्याही 30 यार्ड पुढे एका उथळ चरात आडवे झाले आणि तिथून तीन तास तोफखान्याला सूचना देत राहिले. एका क्षणी जर्मन सैनिक त्यांच्यापासून पाच यार्डांवर येऊन पोहोचले. तेव्हा त्यांनी आपल्याच तोफांना आपल्याच जागेवर मारा करायला सांगितले. त्या हल्ल्यात सुमारे 50 जर्मन सैनिक ठार झाले, किमान 100 जखमी झाले आणि चाल थांबली.

दोनच दिवसांनी, जवळच्याच होल्ट्सविहर गावापाशी, त्याच डिव्हिजनमधील ऑडी मर्फी यांनी असाच एकट्याने शत्रूचा हल्ला रोखला. मर्फी यांना मेडल ऑफ ऑनर मिळाले आणि पुढे ते अमेरिकेत घराघरांत पोहोचले. कॉनर यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळाला. हा सन्मान मोठाच आहे आणि तो कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. पण त्यांच्या बटालियनचे प्रमुख लॉइड रॅम्से, जे पुढे मेजर जनरल झाले, त्यांनी नंतरच्या काळात स्पष्टपणे लिहून दिले की कॉनर यांना सर्वोच्च पदक मिळायला हवे होते आणि ते मिळवून देता आले नाही, हे आपल्या कारकिर्दीतील सर्वांत मोठ्या खेदांपैकी एक आहे.

युद्ध चालू असताना पदकाची शिफारस करणे हे कागदाचे काम असते. साक्षीदार शोधावे लागतात, त्यांची निवेदने घ्यावी लागतात, नकाशे जोडावे लागतात आणि हे सारे ज्या अधिकाऱ्याने करायचे, तो स्वतःच दुसऱ्या दिवशीच्या लढाईत गुंतलेला असतो. साक्षीदार मारले जातात, जखमी होऊन दूरच्या रुग्णालयांत जातात किंवा त्यांची बदली होते. शौर्य घडते ते काही मिनिटांत किंवा तासांत, पण त्याची नोंद टिकते ती त्या वेळी कोणाच्या हाताशी टंकलेखन यंत्र होते आणि कोणाला सवड होती यावर. अनेक माजी सैनिकांच्या गहाळ पदकांचे मूळ इथेच आहे.

[दृश्य : सेंट लुई, जळालेल्या इमारतीची जुनी छायाचित्रे]

या विषयाला आणखी एक बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. 12 जुलै 1973 रोजी मिसुरी राज्यातील सेंट लुई शहरालगत, राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्राच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. ती पूर्णपणे शमायला चार दिवस लागले. त्या आगीत 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख सेवानोंदी नष्ट झाल्या. 1912 ते 1960 या काळात लष्करातून बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे 80 टक्के सैनिकांच्या फायली त्यात गेल्या आणि हवाई दलाच्या काही वर्षांच्या नोंदींपैकी सुमारे 75 टक्के गेल्या. या फायलींच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, सूक्ष्मपटही काढलेला नव्हता आणि कोणाच्या फायली तिथे होत्या याची पूर्ण यादीसुद्धा नव्हती. आगीतून वाचलेली पाने पाण्याने भिजली होती. ती सुकवून, बुरशीपासून जपून, कडा जळालेल्या अवस्थेत आजही हाताळली जातात.

ज्याची फाइल जळाली, त्याच्या बाबतीत नोंद नव्याने जुळवावी लागते. शेवटच्या पगाराचे दाखले, कंपनीत दररोज सकाळी लिहिला जाणारा हजेरीचा अहवाल, रुग्णालयाची पुस्तके आणि स्वतः सैनिकाने घरी जपून ठेवलेला लष्करातून मुक्त झाल्याचा दाखला, अशा तुकड्यांतून एका माणसाची सेवा पुन्हा उभी करायची असते. ज्यांनी तो दाखला नीट ठेवला, त्यांचे काम सोपे होते. ज्यांचा दाखला पुरात, घरबदलात किंवा साध्या दुर्लक्षाने गेला, त्यांना आपण कोणत्या लढाईत होतो हे सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागते.

आणि कित्येकांना आपले काही राहून गेले आहे, हेच ठाऊक नसते. युद्धकाळात धातूची टंचाई असल्यामुळे मोहिमांच्या पदकांऐवजी सैनिकांना गणवेशावर लावायची नुसती फीत दिली जात असे. युरोपातील मोहिमेचे पदक प्रत्यक्षात 1947 साली तयार होऊन आले. तोवर बहुतेक सैनिक गणवेश उतरवून कामाधंद्याला लागले होते आणि जो अर्ज करील त्यालाच ते मिळत होते. त्याच वर्षी असाही निर्णय झाला की युद्धात पायदळाचा लढाऊ सैनिक म्हणून बिल्ला मिळवलेल्या प्रत्येकाला ब्रॉंझ स्टार मागता येईल. पण हा निर्णय घरी बसलेल्या सैनिकापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. म्हणून आजही एखाद्या आजोबांच्या पेटीतला दाखला नातवंडे वाचतात आणि तेव्हा कळते की त्यावर लिहिलेल्या बिल्ल्यामुळे त्यांचा ब्रॉंझ स्टार पदकावर हक्क होता आणि ते त्यांना कधीच मिळाले नाही. इटलीच्या मोहिमेत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीही होत्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांचे व्हिक्टोरिया क्रॉस त्याच रणभूमीवरचे आहेत. त्यामुळे आपल्याकडेही ज्या घरांत अशा पेट्या आहेत, त्यांना या गोष्टीचे वजन वेगळे सांगावे लागणार नाही.

[दृश्य : टेबलावर अर्जाचा नमुना, त्यावर शिक्के]

नोंदीत चूक असेल तर ती दुरुस्त करण्यासाठी 1946 च्या कायद्यानंतर अमेरिकेत प्रत्येक सैन्यदलासाठी स्वतंत्र मंडळ नेमले गेले. मंडळातील सदस्य नागरी अधिकारी असतात. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो, पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास मंडळ ही मुदत माफ करू शकते. सैनिक हयात नसेल, तर त्याचे वारस अर्ज करू शकतात. व्यवस्था अशी चांगली दिसते. परंतु मंडळ सुरुवातीला असे गृहीत धरते की लष्कराने त्या वेळी जे केले ते योग्यच केले आणि उलट सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकते. पन्नास वर्षांपूर्वी अधिकाऱ्याने जो पुरावा गोळा करायचा राहून गेला, तो पुरावा आता सत्तरीच्या सैनिकाने किंवा त्याच्या विधवेने आणून द्यायचा. मला यातील ही तरतूद सर्वांत कठोर वाटते, कारण ज्या पक्षाकडे दप्तर होते त्याने ते गमावले, आणि ज्या पक्षाकडे काहीच नव्हते त्याने ते शोधायचे.

कॉनर यांच्या बाबतीत पहिला अर्ज 1997 मध्ये फेटाळला गेला. 5 नोव्हेंबर 1998 रोजी, वयाच्या 79 व्या वर्षी, ते वारले. जून 2000 मध्ये मंडळाने पुन्हा नकार दिला, कारण सादर केलेल्या कागदांत नवा पुरावा नाही, असे त्याचे म्हणणे होते. पॉलिन आणि चिल्टन थांबले नाहीत. स्वतः महायुद्धात गंभीर जखमी झालेले माजी सिनेटर बॉब डोल यांनी पाठिंबा दिला. केंटकी, टेनेसी आणि आणखी काही राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले. 2006 मध्ये चिल्टन यांना हवे होते ते सापडले. त्या दिवशी कॉनर यांना प्रत्यक्ष पाहिलेल्या तिघांची निवेदने त्यांच्या हाती आली. 2008 मध्ये पॉलिन यांनी ती मंडळापुढे ठेवली, आणि पुन्हा नकारच आला.

मग त्या न्यायालयात गेल्या. 2014 साली केंटकीतील संघीय न्यायालयाच्या न्यायाधीशांनी कॉनर यांच्या असामान्य धैर्याचा गौरव केला, पण सरकारविरुद्ध दावा लावण्याची सहा वर्षांची मुदत 2000 च्या नकारापासून मोजली असता 2006 मध्येच संपली होती, म्हणून दावा मुदतबाह्य ठरवला. म्हणजे ज्या वर्षी साक्षीदारांची निवेदने हाती आली, त्याच वर्षी दाद मागण्याचा दरवाजा बंद झाला होता. इथे अनेकांनी हात टेकले असते. पॉलिन यांनी अपील केले, अपिलात मध्यस्थीने तोडगा निघाला आणि प्रकरण पुन्हा मंडळाकडे गेले. ऑक्टोबर 2015 मध्ये मंडळाच्या तीन सदस्यांनी ती निवेदने वाचली आणि पॉलिन यांची मागणी उचलून धरली.

त्यानंतरही जवळजवळ पावणेतीन वर्षे गेली. जुन्या लढाईसाठी सर्वोच्च पदक द्यायचे तर कायद्यातील कालमर्यादा शिथिल करावी लागते, त्यासाठी अमेरिकी काँग्रेसची मंजुरी लागते आणि संरक्षण खात्यातून फाइल वर सरकत राष्ट्राध्यक्षांपर्यंत जावी लागते.

[दृश्य : व्हाइट हाऊस, जून 2018]

26 जून 2018 रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी मेडल ऑफ ऑनर पॉलिन कॉनर यांच्या हाती दिले. त्या तेव्हा 89 वर्षांच्या होत्या. 1945 च्या वसंतात अल्बनी गावाने लढून आलेल्या तरुणाची मिरवणूक काढली होती. त्या मिरवणुकीत सोळाच्या आसपास वयाच्या पॉलिन यांनी त्याला प्रथम पाहिले, आणि एवढ्या लहान चणीच्या माणसाने हे सगळे केले असेल, यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले होते.

समारंभात मानपत्र वाचून दाखवले गेले. त्यात टेलिफोनच्या तारेचे रीळ होते, 400 यार्डांचे अंतर होते, उथळ चर होता, तीन तास होते आणि पाच यार्डांवर आलेले शत्रूचे सैनिक होते. 1945 मध्ये दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान देताना लिहिलेल्या मानपत्रातही बहुतेक हाच तपशील होता.