शिंपला जिवंत आहे, पण पिल्लं कुठंयत?

नमस्कार मंडळी. सोलापुरात समुद्रातल्या शिंपल्यांवर भाषण ठेवलंय म्हणल्यावर बऱ्याच जणांनी विचारलं की इथं समुद्र कुठाय. खरंय, नाहीये, पण भीमेचं पाणी पुढं कृष्णेला मिळतं, कृष्णा बंगालच्या उपसागराला जाते, आणि उजनी धरणात पाणी पोचायच्या आधीच पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी त्यात आलेलं असतं. त्यामुळं पाण्यात काही सोडलं की त्यातल्या जिवाचं काय होतं, हा प्रश्न आपलाही तितकाच आहे जितका रत्नागिरीवाल्यांचा.

आता हे मोजतात कसं, तर सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे 96 तासांची टेस्ट. टाकीत प्राणी ठेवायचे, वेगवेगळ्या टाक्यांत केमिकलचा वेगवेगळा डोस द्यायचा आणि चार दिवसांनी मेले किती ते मोजायचं, ज्या डोसला निम्मे मेले तो आकडा रिपोर्टात लिहायचा. ही टेस्ट शिंपल्याच्या बाबतीत फार फसवी आहे, कारण शिंपल्याला पाण्यात तांब्यासारखा धातू जाणवला की तो कवच घट्ट मिटून घेतो आणि तसाच बसून राहतो. तेवढा वेळ तो विष कमी घेतो, बरोबर, पण खातही नाही, कारण त्याचं खाणं म्हणजे कल्ल्यांवरून पाणी गाळणं, आणि मोठा शिंपला ताशी लिटर-दोन लिटर पाणी आरामात गाळतो. चार दिवसांनी टाकीत बघितलं तर सगळे जिवंत, रिपोर्ट एकदम स्वच्छ. पण नदीत किंवा खाडीत हा प्रकार चारच दिवस चालत नाही, वर्षानुवर्षं चालतो.

फ्रान्समध्ये आर्काशाँ नावाचा उपसागर आहे, बोर्दोजवळ, कालवांच्या शेतीसाठी प्रसिद्ध. 1970 च्या दशकाच्या शेवटी तिथं मोठी कालवं जिवंत होती पण नवी पिल्लं येईनात, आणि मोठ्यांची कवचं वेडीवाकडी जाड व्हायला लागली, आत कप्पे आणि कप्प्यांत चिकट जेली. कारण निघालं बोटींच्या रंगात. बोटीच्या तळाला शेवाळ, शिंपले चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिलटिन, म्हणजे टीबीटी घातलेला रंग लावायचे. लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, एवढ्यानं काम होत होतं, आणि काही सागरी गोगलगायींच्या माद्यांना तर नराचे अवयव उगवत होते. फ्रान्सनं 1982 मध्ये 25 मीटरपेक्षा लहान बोटींवर हा रंग बंद केला, मग पिल्लं परत यायला लागली. जगभरासाठीचा करार व्हायला 2001 उजाडलं आणि तो लागू झाला 2008 मध्ये. एवढी वर्षं लागली. मेलेले सगळेच मोजतात, न जन्मलेले कोण मोजणार?

इथंच मॉडेल लागतं, म्हणजे शिंपल्याच्या शरीराचा गणितातला हिशोब. नेदरलँड्सचे बास कोइमान यांनी 1979 पासून डायनॅमिक एनर्जी बजेट, म्हणजे शरीरातल्या ऊर्जेच्या जमाखर्चाची थिअरी उभी केली, सुरुवात पाणपिसवा नावाच्या पाण्यातल्या बारक्या जिवांवरच्या विषाच्या टेस्टचा अर्थ कसा लावायचा यातून झाली. मूळ कल्पना आपल्या कुणालाही कळेल, माग कामगाराच्या पगारासारखी आहे. हातात आलेल्या पैशांतला ठराविक वाटा घरखर्चाला, भाडं-किराणा आधी, त्यातून उरलं तर घराची वाढ. दुसरा ठराविक वाटा वेगळाच काढलेला, लेकरांसाठी. शिंपल्यातही तसंच, मिळालेल्या ऊर्जेचा एक वाटा शरीर टिकवायला आणि वाढायला, दुसरा वाटा आधी वयात यायला आणि नंतर अंडी-शुक्राणू बनवायला.

आता विष कुठं चावतं ते बघा. ते खाणं कमी करू शकतं. ते शरीर टिकवायचा खर्च वाढवू शकतं, धातू आला की शिंपला त्याला बांधून ठेवणारी प्रोटीन बनवतो, दुरुस्त्या करतो, आणि हे फुकट होत नाही. ते वाढीचा खर्च वाढवू शकतं, म्हणजे तेवढंच मांस बनवायला जास्त ऊर्जा. किंवा फक्त अंड्यांवर घाला घालू शकतं. बाहेरून बघितलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, पिल्लं कमी. पण वाढीचा आलेख काढला की चोर सापडतो: खाणं कमी झालं असेल तर शिंपला कायमचाच बारका राहतो, वाढीचा खर्च वाढला असेल तर तो हळूहळू का होईना पूर्ण आकाराला पोचतो, आणि अंड्यांवरच घाला असेल तर कवच एकदम व्यवस्थित वाढतं, कुणाला संशयही येत नाही.

एक हिशोब मला फार महत्त्वाचा वाटतो, वहीत लिहून घ्या. या मॉडेलमध्ये खाणं लांबीच्या वर्गानं वाढतं आणि शरीर टिकवायचा खर्च घनानं. म्हणून एका आकाराला दोन्ही सारखे होतात आणि वाढ थांबते. समजा प्रदूषणामुळं खाणं 20 टक्क्यांनी कमी झालं, तर शेवटची लांबीही 20 टक्क्यांनी कमी. ऐकायला काहीच वाटत नाही ना? पण आकारमान म्हणजे 0.8 गुणिले 0.8 गुणिले 0.8, 0.512, म्हणजे शरीर जवळपास निम्मं. आणि अंड्यांच्या वाट्यातून आधी एक ठरलेला खर्च वजा जातो, तो शरीर लहान म्हणून कमी होत नाही, त्यामुळं अंडी त्याहूनही थोडी कमी. खाण्यात पाचवा हिस्सा गेला आणि पुढच्या पिढीतला जवळपास अर्धा गेला. हे 96 तासांत कधीच दिसणार नाही.

मागून प्रश्न आला की मग युरोपातले आकडे घेऊन आपल्याकडं वापरायचे का. नाही, तसं करून चालणार नाही. आपलं पाणी गरम, शरीरातली सगळी कामं जोरात चालतात, त्यामुळं तापमानाची दुरुस्ती करावीच लागते. शिवाय कोकणातल्या खाड्यांत पावसाळ्यात खारटपणा एकदम उतरतो आणि हिरवे शिंपले तेव्हा आधीच कवच मिटून उपाशी बसलेले असतात, त्यात वरून प्रदूषण आलं तर ओढाताण दुप्पट. आपल्याकडच्या शिंपल्यांचे आकडे आपणच मोजायला हवेत, दुसरा मार्ग नाही.

आणि आपल्या भीमेतही गोड्या पाण्याचे शिंपले आहेत, त्यांची गोष्ट अजून अडचणीची, कारण यांची पिल्लं माशांच्या कल्ल्यांना, परांना चिकटून काही दिवस काढतात, मासाच नसेल तर ऊर्जा कितीही शिल्लक असू दे, उपयोग शून्य. मॉडेलमध्ये हा मासा वेगळा घालावा लागतो. इथं बसलेल्या एमएस्सीच्या मुलांना माझी कळकळीची विनंती आहे, उजनीच्या काठावरचे काही शिंपले घ्या, कवचावर फाईलनं बारीक खूण करा, व्हर्नियर कॅलिपरनं, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीनं लांबी मोजा आणि परत पाण्यात सोडा, दर महिन्याला तेच शिंपले शोधून परत मोजा, सोबत पाण्याचं तापमान आणि त्यातलं शेवाळ किती तेही लिहा. एवढी माहिती सलग दोन वर्षांची असली तरी मॉडेल चालवायला सुरुवात करता येते, आणि त्यासाठी व्हर्नियर, थर्मामीटर आणि वही सोडून फारसं काही विकत घ्यावं लागत नाही.