बाराजणांचा गांधार

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी दोन मिनिटं नुसता तंबोरा ऐकू या. पंचम, जोड, खर्ज. खर्जाची तार छेडली की लगेच पुढे धावू नका, ती विरत जाते तिकडे कान द्या. गांधाराला, म्हणजे ‘ग’ला, तार नाही, तरी गांधार येतोय. स्वयंभू गांधार. तुमच्यापैकी अनेकांनी तो वर्षानुवर्षं ऐकलाय. मी आज सोळाव्या शतकातल्या रोमच्या धार्मिक गायनाबद्दल बोलणार आहे, आणि त्या गाण्याचं दार मला याच गांधारानं उघडून दिलं. पुस्तकं पुष्कळ नंतर आली.

हे गाणं समोर बसून मी पहिल्यांदा ऐकलं ते रोममधल्या एका चर्चमध्ये. बारा गायक अर्धवर्तुळात उभे होते. वाद्य नाही, माईक नाही. टोकाला उभ्या असलेल्या गायिकेनं नादकाटा, आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत असायचा तसाच, तळहाताच्या कडेवर हलकेच आपटला, कानाशी नेला आणि ओठ मिटून शेजारच्याला स्वर दिला. त्यानं पुढच्याला. तिसऱ्या रांगेत बसून मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मग दोघांनी श्वास घेतला, तो ऐकू आला. आणि पालेस्त्रीना या रचनाकाराच्या ‘मिस्सा पापे मार्चेल्ली’मधलं ‘कीरिये’ सुरू झालं. मिस्सा म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं गाणं, ‘कीरिये’ हा त्याचा पहिला भाग. शब्द इतकेच: ‘कीरिये एलेइसोन’, प्रभू, दया कर. चाल एका जागी थोडी थांबते, मग ‘सा’वरून ‘म’वर जावं तशी वर झेप घेते आणि पायरी पायरीनं खाली येते. एका आवाजानं ती म्हटली की दुसरा उचलतो, मग तिसरा. सहा आवाजांची ही रचना आहे, सर्वांत उंच आवाजापासून सर्वांत खालच्यापर्यंत: सोप्रानो, आल्टो, दोन टेनर, दोन बास. प्रत्येकाला दोन दोन गळे.

मी काय करत होतो? मुख्य गाणं कोण गातंय ते शोधत होतो. आपल्या कानाची सवयच ती. एक गवई, बाकी साथीला. इथे साथीला कुणी नाही. सहाही जण मुख्य आहेत. हे कळेपर्यंत ‘कीरिये’ संपलं होतं.

पालेस्त्रीना हे खरं म्हणजे गावाचं नाव, रोमजवळचं. जोव्हान्नी पिएरलुईजी तिथला, जन्म १५२५च्या सुमाराचा. लहानपणी रोममध्ये सांता मारिया माज्जोरे या चर्चमध्ये तो गाणाऱ्या मुलांत होता. १५५५मध्ये पोपच्या खास गायकवृंदात, सिस्टीन चॅपेलमध्ये, त्याची नेमणूक झाली, पण तो विवाहित होता. त्याच वर्षी नव्या पोपनं विवाहित गायकांना वृंदातून काढलं, त्यात तोही गेला. त्याला नेमणारा पोप आणि काढणारा पोप, या दोघांच्या मध्ये एक पोप होऊन गेला, मार्चेल्लो दुसरा. अवघे बावीस दिवस. त्याच्या नावाचा हा मिस्सा १५६७ साली छापून आला. इतके आवाज एकमेकांत गुंतले की शब्द कळत नाहीत, अशी त्या काळी चर्चमध्ये तक्रार होती. एप्रिल १५६५मध्ये गायकांना एका कार्डिनलच्या घरी बोलावून, शब्द ऐकू येतात का हे तपासण्यासाठी मिस्सा गाऊन घेतले गेले. त्यात हीच रचना होती आणि तिनंच बहुस्वरी गाणं वाचवलं, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. तिला पुरावा नाही. मला तिची गरजही वाटत नाही. याच मिस्साचे ‘ग्लोरिया’ आणि ‘क्रेदो’ हे भाग ऐका. लांबलचक मजकूर आहे, तरी सगळे आवाज शब्द जवळजवळ एकत्र उच्चारतात आणि अक्षर न् अक्षर कळतं. रचनाकारानं तक्रार मनावर घेतली होती हे गाण्यातच दिसतं.

सिस्टीन चॅपेलमध्ये भिंतीत एक छोटा सज्जा आहे, गायकांचा. तिथे ऑर्गन नव्हता. वाद्यांशिवाय गाण्याला आजही ‘आ काप्पेल्ला’ म्हणतात, म्हणजे चॅपेलच्या रीतीनं. त्या सज्जाच्या भिंतींवर गायकांनी आपापली नावं कोरून ठेवली आहेत. १९९०च्या दशकात तिथली साफसफाई झाली तेव्हा त्यांत जोस्कँचं नावही निघालं, पालेस्त्रीनाच्या आधीच्या पिढ्यांतला केवढा मोठा रचनाकार! स्त्रियांना तिथे गायला मनाई होती, वरच्या पट्टीतले आवाजही पुरुषच काढत. आणि सगळ्यांत मिळून वही एकच. भलीमोठी, चौरंगावर उघडून ठेवलेली, सगळे तिच्याभोवती दाटीनं उभे. त्या पानावर सगळ्यांच्या ओळी असत, पण एकाखाली एक जुळवलेल्या नसत. सोप्रानोचा मजकूर एका कोपऱ्यात, बासचा दुसऱ्या. मात्रांचे उभे दंडही नाहीत. शेजारी या क्षणी कुठे आहे हे डोळ्यांना कळणं शक्यच नव्हतं. कानानंच कळायचं.

आता पुन्हा तंबोऱ्याकडे येतो. सप्तकाचे १२०० भाग केले, त्यांना सेंट म्हणतात, तर तंबोऱ्यातून उमटणारा गांधार ३८६वर येतो. पियानोचा किंवा आजच्या पेटीचा गांधार ४००वर असतो. चौदा सेंट चढा. पेटीवर कुणी आपलं गाणं तोललं की जाणकार अस्वस्थ होतात, त्याचं एक कारण हे. या गायकांसमोर पेटी नाही, पियानो नाही. त्यांना खरा गांधार लावता येतो, आणि उत्तम वृंद तो लावतो. कडव्याच्या शेवटी सगळे आवाज एका स्वरसमूहावर थांबतात, तेव्हा ज्यांच्या वाट्याला गांधार आला असेल ते आवाज किंचित खाली घेतात आणि बारीक करतात. जोरात लावला तर तो नुसता टोचतो. बारीक लावला की सगळा समूह एकाएकी स्थिर होतो, जवारी जमून आल्यावर तंबोरा बोलतो तसा. त्या चर्चमध्ये तो क्षण आला तेव्हा मला स्पष्ट वाटलं की कुणीतरी तेरावा गातोय.

पण तंबोऱ्याचा ‘सा’ हलत नाही. इथे तो पावलोपावली हलतो. एक गायिका एकच स्वर धरून उभी आहे. खाली बासनं जागा बदलली की तिचा गांधार तिथल्या तिथे पंचम होतो. बास आणखी सरकला की तोच षड्ज. मूर्च्छना माहीत असणाऱ्यांना हे चटकन उमगेल: षड्ज हलवला की त्याच स्वरांची नाती बदलतात. आपण ते सावकाश, समजावून करतो. इथे ते दर दोन मात्रांना होतं, आणि दर वेळी तिला तिचा न बदललेला स्वर नव्या नात्यात बसवावा लागतो, केसभर इकडे किंवा तिकडे.

त्यात एक पेच आहे. बेनेदेत्ती नावाच्या इटालियन गणितज्ञानं १५६३च्या सुमारास रचनाकार चिप्रियानो दे रोरे याला पत्रं लिहिली. स्वरांचा एक छोटा फेरा घेऊन त्यानं दाखवून दिलं की प्रत्येक अंतर अगदी शुद्ध घेतलं, तर फेरा पूर्ण होईतो मूळ स्वर ८१:८० इतका सरकलेला असतो. सुमारे बावीस सेंट. आपले अभ्यासक यालाच प्रमाणश्रुती म्हणतात! तोच फेरा चार-पाच वेळा झाला तर पट्टी अर्ध्या स्वरानं सरकेल. म्हणजे गायकांना शुद्ध गांधार हवा आणि पट्टीही सांभाळायची. कुठे थोडं सोडायचं हे कुणी लिहून देत नाही. बाराजण एकमेकांचं ऐकत, चालता चालता, ते ठरवतात. मला या गाण्यात सर्वांत जास्त आदर याचा वाटतो.

श्वासाचंही तेच. एका आवाजाला दोन गळे असल्यानं एक जण श्वास घेतो तेव्हा दुसरा स्वर धरून ठेवतो. ऐकणाऱ्याला ओळ अखंड वाटते.

आज हे सगळं मैफलीत ऐकू येतं, हे आपलं भाग्यच. इंग्लंडचा ‘टॅलिस स्कॉलर्स’ हा वृंद पीटर फिलिप्स यांनी १९७३मध्ये सुरू केला. पालेस्त्रीनाच्या मृत्यूला चारशे वर्षं झाली तेव्हा, १९९४मध्ये, ते सांता मारिया माज्जोरेत त्याचं गाणं गायले, जिथे तो लहानपणी गायला होता तिथेच. इटलीतला ‘ओदेकातोन’ केवळ पुरुष आवाजांत गातो. त्यांचा रंग अधिक गडद आहे, मला तो जास्त भावतो. मात्र मैफलीत एक गोष्ट सुटते. मूळ उपासनेत ‘ग्लोरिया’ आणि ‘क्रेदो’ यांच्यामध्ये वाचन असे, प्रार्थना असे, धूप असे. कानाला विसावा मिळे. मैफलीत सगळं सलग येतं आणि कान थकतो. म्हणून मी घरी एका वेळी एकच भाग ऐकतो. आणि मैफलीच्या शेवटी बहुधा आल्लेग्री या दुसऱ्या रचनाकाराचा ‘मिझेरेरे’ येतो, त्यातल्या फार उंच स्वरासाठी. तो उंच स्वर आल्लेग्रीचा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या एका संगीतकोशात वेगळ्या पट्टीतला तुकडा चुकून जोडला गेला, त्यातून तो आला. ऐकायला सुंदर आहे, पण पालेस्त्रीना ऐकायला आलेल्या माणसाला तेवढाच आठवत घरी पाठवू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता ‘कीरिये’ लावतो, पाचेक मिनिटांचं आहे. दोनदा ऐकू या. पहिल्यांदा वरच्या आवाजामागे जाऊ नका. सर्वांत खालचा बास धरा आणि तो कुठे कुठे जागा बदलतो तेवढंच पाहा. दुसऱ्या खेपेला शेवटच्या स्वरसमूहापर्यंत थांबा आणि त्यात गांधार शोधा. तंबोरा मी बाजूला ठेवतो. मागचे पंखे कुणीतरी बंद करा.