काडीला बाप लागत नाही

[दृश्य: कोकणातली रोपवाटिका, पाऊस]

पाऊस स्थिरावला की इथे कलमं बांधायची घाई सुरू होते. पिशवीत रायवळ आंब्याची कोय रुजलीय. रोप जेमतेम पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस. कलम करणारा शेंडा उडवतो, खोडाला मधोमध उभी चीर देतो. हापूसची काडी पाचरीसारखी तासतो, चिरेत बसवतो, प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळतो. झालं कोय कलम.

मुळं रायवळची, झाड हापूसचं. मग हापूसचीच कोय का नाही लावायची? कारण कोयीचा बाप कोण, हे मोहोरावर बसलेल्या माशीलाच ठाऊक! काडीला बाप लागत नाही. ती त्या एकाच झाडाचा तुकडा, म्हणजे क्लोन. गोडी उतरते तशी खोडही उतरते; वरून देखण्या हापूसच्या आत साका, म्हणजे बेचव स्पंजासारखा गर, निघतो, तो असाच कलमाबरोबर चालत आलाय.

[दृश्य: जळगाव, काचेच्या बाटल्या]

केळीला तर काडीही लागत नाही. कंदाच्या कोंबाचा नखाएवढा तुकडा, निर्जंतुक बाटलीत साखर, क्षार, संप्रेरकं. एका कोंबाला अनेक फुटतात. शेतकरी याला 'टिश्यूचं रोप' म्हणतो. रोग आला तर मात्र सगळी बाग सारखीच कच्ची.

आणि जनावरं? शेळीचा कान मातीत खोचून शेळी उगवत नाही.

[दृश्य: मेंढ्यांचा कळप]

स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतली पेशी घेतली. दुसऱ्या मेंढीच्या अंड्यातलं केंद्रक, म्हणजे आनुवंशिक गुणांचा गाभा, काढून टाकलं आणि विजेच्या झटक्याने दोन्ही जोडलं. २७७ अंड्यांवर हा खटाटोप झाला. जगलं एक कोकरू: डॉली, जन्म ५ जुलै १९९६.

[दृश्य: हरियाणा, म्हशींचा गोठा]

करनालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने केंद्रक काढायचं महागडं यंत्र बाजूला ठेवलं. म्हशीच्या अंड्याचं आवरण विरघळवलं, सूक्ष्मदर्शकाखाली हातातल्या बारीक पात्याने केंद्रकाकडचा भाग छाटला. कलमवाल्याचाच हात म्हणा ना. फेब्रुवारी २००९ मधलं पहिलं रेडकू काही दिवसांतच गेलं. जूनमध्ये गरिमा जन्मली, पुढच्या वर्षी गरिमा-२.

जानेवारी २०१३ मध्ये गरिमा-२ व्याली. पारडी झाली, नाव महिमा. ही कुणाची नक्कल नव्हती. हिला बाप होता.