मयताच्या फंडातून हक्कांची लढाई कशी उभी राहिली? अमेरिकेतल्या मेक्सिकन लोकांची गोष्ट

नमस्कार मंडळी. आजची गोष्ट एका मयतापासून सुरू होते.

फेलिक्स लाँगोरिया. टेक्ससमधल्या थ्री रिव्हर्स नावाच्या छोट्याशा गावचा, मेक्सिकन घरातला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेत गेला आणि १९४५ मध्ये फिलिपिन्समध्ये मारला गेला. त्याचे अवशेष घरी यायला १९४९ उजाडलं. बायको बिआट्रिस गावातल्या फ्युनरल होममध्ये, म्हणजे अंत्यविधीची सोय करणाऱ्या दुकानात गेली, म्हणाली तुमच्या चॅपलमध्ये ठेवू द्या, लोकांना शेवटचं भेटू दे, तर मालक म्हणाला नाही जमणार, गोऱ्या लोकांना चालणार नाही. गावच्या कबरस्तानातसुद्धा मेक्सिकन लोकांचा भाग वेगळा, मध्ये काटेरी तार. देशासाठी जीव दिलेल्या माणसाला चार तास ठेवायला एक खोली मिळेना, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच पोटात कालवलं.

पण मयत नीट व्हावं म्हणून हे लोक त्याच्या कितीतरी आधीपासून एकत्र येत होते. मेक्सिकन वस्त्यांमध्ये मुतुआलिस्ता नावाची मंडळं असायची. दर महिन्याला थोडी वर्गणी भरायची, कोणी आजारी पडलं की त्यातून मदत, कोणी गेलं की अंत्यविधीचा खर्च आणि घरच्यांच्या हातात थोडे पैसे. तांब्याच्या खाणी, रेल्वेची कामं, सगळी जिवावरची, आणि त्यातही मेक्सिकन माणसाला गोऱ्यापेक्षा मजुरी कमी, बऱ्याच युनियन तर त्यांना सभासदच करून घ्यायच्या नाहीत. मग आपलं आपणच बघायचं ना!

यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे अलियान्सा हिस्पानो-अमेरिकाना, १८९४ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनला सुरू झालं, सुरू करणाऱ्यांत कार्लोस वेलास्को हे वर्तमानपत्र चालवणारे गृहस्थ होते. आणि एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, टूसॉन १८५० च्या दशकापर्यंत मेक्सिकोतच होतं, म्हणजे तिथली कितीतरी घरं कुठून आलीच नव्हती, माणसं जागेवरच राहिली आणि देश बदलला! याच अलियान्साने पुढे विम्याबरोबर कोर्टकचेरीपण हातात घेतली, अ‍ॅरिझोनात टॉलेसन गावी मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळेत बसवायचे, त्याविरुद्धच्या केसमागे अलियान्सा उभी राहिली आणि १९५१ मध्ये फेडरल कोर्टाने निकाल मुलांच्या बाजूने दिला.

आता परत लाँगोरियाकडे. टेक्ससमधल्याच कॉर्पस क्रिस्टी शहरात डॉक्टर हेक्टर गार्सिया होते, स्वतः युद्धावरून परतलेले, त्यांनी १९४८ मध्ये माजी सैनिकांची अमेरिकन जीआय फोरम ही संघटना काढली होती, दवाखान्याचे आणि पेन्शनचे हक्काचे पैसे मेक्सिकन सैनिकांना मिळत नव्हते म्हणून. बिआट्रिसचं कळल्यावर त्यांनी आधी मालकाला फोन केला, उत्तर तेच. मग त्यांनी धडाधड तारा पाठवल्या, पुढाऱ्यांना, पेपरवाल्यांना. एक तार गेली नुकतेच सिनेटर झालेल्या लिंडन जॉन्सन यांना. त्यांचं उत्तर आलं, काही लोकांचा आकस माणूस मेल्यावरही संपत नाही याचं फार वाईट वाटतं, आणि फेलिक्सला आर्लिंग्टनच्या, सैनिकांच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत जागा मिळेल. डॉक्टरांनी सभा बोलावली होती, तिथे ती तार वाचून दाखवली. १६ फेब्रुवारी १९४९ ला फेलिक्सला लष्करी मानवंदना देऊन आर्लिंग्टनला पुरलं.

मला सगळ्यात जास्त भिडतो तो यानंतरचा भाग, कॅलिफोर्नियातल्या डेलानोचा. १९६२ मध्ये सेझर चावेझ आणि डोलोरेस ह्युर्टा यांनी शेतमजुरांची संघटना काढली, तेव्हा पहिल्याच दिवशी संपाची घोषणा नाही केली. महिना साडेतीन डॉलर वर्गणी ठेवली, जी शेतमजुरासाठी लहान रक्कम नव्हती, आणि त्या बदल्यात काय, तर मृत्यूनंतरचा विमा. कारण मजूर गेला की दफनासाठी दारोदार पैसे गोळा करावे लागायचे. मग पतपेढी काढली, त्यासाठी चावेझचा भाऊ रिचर्डने स्वतःचं घर गहाण टाकलं, आणि हिशेब ठेवायला बसली चावेझची बायको हेलन, जी तोपर्यंत शेतात राबत होती, हिशेबाचं काम ती शिकली आणि पतपेढी चालवली. भाषणं सगळ्यांच्या लक्षात राहतात हो, पण मला त्या वहीसमोर बसलेल्या हेलनचं फार कौतुक वाटतं, कारण विश्वास त्या वहीवर बसला होता.

८ सप्टेंबर १९६५ ला डेलानोच्या द्राक्षबागांमध्ये फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला, लॅरी इटलियाँग त्यांचे नेते, हे नाव विसरू नका, सुरुवात त्यांची आहे. आता चावेझच्या लोकांनी काय करायचं? फिलिपिनो बाहेर पडले की मेक्सिकन मजूर आणायचे आणि उलट, हा मालकांचा जुना डाव. १६ सप्टेंबरला, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनी, डेलानोच्या चर्चच्या हॉलमध्ये वर्गणी भरणारी ही सगळी माणसं जमली आणि संपात उतरायचं ठरलं.

पाच वर्षं चालला तो संप. लोकांनी देशभर द्राक्षं विकत घेणं बंद केलं, आणि २९ जुलै १९७० ला डेलानोच्या बागायतदारांनी युनियनच्या हॉलमध्ये येऊन करारावर सह्या केल्या.