सोलून काढायचा रंग

(नागपूर. अमरावती रोड, वाडीकडचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. पांढऱ्या गाडीच्या बोनेटवर काळा फवारा पडतोय.)

या काळ्याखाली प्रायमर नाही. घासायचा पेपर मारलेला नाही, लांबी (पोचे बुजवायची पुट्टी) भरलेली नाही. कंपनीचा पांढरा रंग जसाच्या तसा आहे आणि त्याच्यावर सरळ पातळ रबर फवारलं जातंय, जे पुढे हवं तेव्हा सोलून काढता येतं. मालक बाजूला उभा आहे. हे काम घेणाऱ्या प्रत्येक पेंटरला ऐकावा लागतो तोच प्रश्न त्याच्याही तोंडी आहे: "भाऊ, निघून येईल ना?"

येईल. पण अट आहे, आणि पैसे त्या अटीचेच आहेत.

(पकडी, पाने. मुठींवर लाल रबर.)

हे रबर मुळात गाड्यांसाठी नव्हतंच. अमेरिकेतल्या मिनेसोटामधली प्लास्टी डिप ही कंपनी १९७२ पासूनची. मूठ डब्यात बुडवायची, वाळू द्यायची, की पकडीवर हात न घसरणारं आवरण तयार. पुढे स्प्रेचे डबे आले, लोकांनी ते अलॉय चाकांवर मारून बघितले, मग बोनेटवर, छपरावर आणि शेवटी अख्ख्या गाडीवर. आता असे रंग बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या आहेत.

(पुन्हा गॅरेज. फडक्याने बोनेटच्या कडा पुसल्या जातायत.)

अर्धं काम पुसण्यात जातं. आधी शाम्पूने धुणं, मग पॉलिशचा तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढणं. दाराच्या फटी, बोनेटच्या कडा, नंबरप्लेटच्या आजूबाजूची जागा. कड तेलकट राहिली तर पापुद्रा तिथूनच सुटायला लागतो. काचेवर उडालेला फवारा मात्र वाळला की बोटाने चोळून निघतो, त्यामुळे मास्किंगला नेहमीच्या रंगाइतका जीव काढावा लागत नाही.

पहिला हात, म्हणजे पहिला थर, अगदी विरळ. खालचा पांढरा अर्धाअधिक दिसलाच पाहिजे. मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि दुसरा. चाकांना चार-पाच हात, अख्ख्या बॉडीला पाच-सहा किंवा त्याहून जास्त.

गोम इथेच आहे. दोन-तीन हातांत पांढरा झाकला जातो. गाडी काळी दिसते, मालक खूश, आणि रबर काही स्वस्त नाही. तिथेच गन खाली ठेवली तर कोणाला कळणार? कळतं ते सोलताना. जाड थर दाट सायीसारखा अख्खा उचलला जातो, पातळ थराचा चुरा होतो आणि नखं दुखेपर्यंत खरवडत बसावं लागतं. त्याला उपाय एकच: वरून आणखी दोन-तीन हात मारायचे, पूर्ण वाळू द्यायचे आणि मग सोलायचं. म्हणजे वाचवलेलं रबर शेवटी गाडीवर जातंच, फक्त खर्च मालकाचा. म्हणून 'कितीत करून द्याल' याच्या आधी 'किती हात माराल' हे विचारावं.

आणि मास्किंग टेप शेवटचा हात ओला असतानाच ओढायची. वाळल्यावर ओढली तर टेपसोबत रबरही निघून येतं.

(मे महिना. रिकामा रस्ता, उन्हात उभ्या गाड्या.)

आता आपलं ऊन. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशी गाठतो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. अशा हवेत फवारा पत्र्यावर पोचण्याआधीच अर्धा वाळतो आणि बोट फिरवलं तर रेती लागावी असा खरबरीत थर बसतो. पावसाळ्यातली दमट हवा वेगळाच त्रास देते: वाळायला वेळ, काळ्यावर पांढरट झाक. त्यामुळे नागपुरात या कामाचा खरा मोसम दिवाळी उरकल्यापासून होळीपर्यंतचा. होळीच्या आधी करून घेतलंत, तर त्या दिवशी गाडी झाकून ठेवा; या रबराच्या मॅट, बिनचकाकीच्या थरावर बसलेला रंग पॉलिशने काढायची सोय नाही.

ऊन दुसरीकडूनही काम बिघडवतं. वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या गाडीवरचं रबर कडक होत जातं. तीन-एक वर्षांत सोललेलं बरं.

(पेंटर, तोंडाला दुपट्टा.)

हा दुपट्टा लूसाठी ठीक आहे. या कामाला नाही. रबर ज्या द्रावकांत विरघळवलेलं असतं, त्यांत टोल्युइन, झायलीन असे पदार्थ असतात. त्यांची वाफ कापडातून आरपार जाते. कार्बनच्या कार्ट्रिजवाला मास्कच लागतो. वाफ पेटही घेते. शटर खाली ओढून, शेजारच्या खणात वेल्डिंग चालू ठेवून हे काम करणारे पाहिले की राग येतो.

(पेट्रोल पंपावर दुचाक्यांची रांग.)

नागपूर दुचाक्यांचं गाव, त्यामुळे बाइकच्या टाकीची मागणी येणारच. टाकीला हे रबर लावू नका. पेट्रोल सांडलं की ते मऊ पडतं, विरघळतं, आणि पंपावर दोन थेंब सांडणं काही नवलाचं नाही. कारमध्ये तीच काळजी टाकीच्या झाकणापाशी.

दुसरा सावधपणा जुन्या गाडीचा. कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असतो, त्यावरून रबर बिनधास्त निघतं. अपघातानंतर लांबी भरून बाहेर रंगवलेल्या दाराचं तसं नाही; तिथला रंगच कच्चा असला तर रबरासोबत तोही उचलला जातो. गाडी सेकंडहँड असेल तर आधी एका कोपऱ्यात मारून, सोलून बघा.

(शेड कार्ड. ग्राहकाचं बोट मिलिटरी हिरव्यावर.)

मॅटमध्ये हा रंग उठून दिसतो, खरं आहे. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२१ वा नियम ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण विभागाच्या गाड्यांसाठी राखून ठेवतो, आणि सोलता येतो म्हणून त्यातून सुटका नाही. इतर रंगांतही अख्खी गाडी बदलायची तर आरसीवर जुनाच रंग लिहिलेला आहे हे लक्षात ठेवा; काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून या. अन् हिरवा करून कामठीच्या लष्करी छावणीसमोरून मिरवायची हौस असेल, तर त्यापेक्षा राखाडी बरा.